सत्तावीस क्रेडिट्स कोणाच्या नावावर

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष श्री. चंद्रशेखर देवस्थळी, मंचावरच्या प्रमुख पाहुण्या मिसेस हर्नांडेझ, मंडळाच्या कार्यवाह शुभाताई, बाहेर एकशे बारा डिग्री फॅरनहाइट तापमान असताना आपापल्या घरचा एसी सोडून इथे आलेले सर्व काका, काकू आणि मावशी, पहिल्या रांगेत बसलेली माझी पत्नी शैला, आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो आहोत ती माझी मुलगी रुही, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार आणि जयभीम.

शुभाताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. पाच मिनिटांत माझं होणार नाही, हे आधीच सांगतो. त्यांनी चिठ्ठी पाठवू नये, मी ती वाचणार नाही.

सुरुवात एका तक्रारीने करतो. माझ्या मागे हा बॅनर लावलाय, तो सगळ्यांनी वाचला असेल. 'श्री. विनय गजभिये यांच्या कन्येचा सत्कार व निरोप समारंभ, ऑगस्ट १९९७.' अक्षर सुंदर आहे, झेंडूची माळही छान आहे. पण सत्कार कोणाचा आहे हो? या बॅनरवर रुही हा शब्द कुठे आहे? मंडळाला दोष देत नाही. या प्रकारची चूक करण्यात या गावात माझा हात धरणारा कोणी नाही, म्हणून मला ती लगेच दिसली.

गेले दोन महिने मला रोज दोन-तीन फोन येतात. 'विनयभाऊ, रुहीचं क्रेडिटचं कसं जमवलंत? आमच्या राकेशला नववी लागली, आत्तापासून करायला हवं ना?' एकाने तर सांगितलं, तुमचा जुना फॉर्म फॅक्स करा, आम्ही तस्साच भरतो. अहो, तस्सा भरू नका! हेच सांगायला मी आज उभा आहे.

ज्या ज्येष्ठ मंडळींना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इथे मुलं हायस्कूलमध्ये असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन एखाद-दुसरा विषय घेऊ शकतात. पास झालं की क्रेडिट मिळतात, आणि पुढे युनिव्हर्सिटीत तो विषय पुन्हा घ्यावा लागत नाही. रुहीने दोन वर्षांत असे नऊ विषय केले, म्हणजे सत्तावीस क्रेडिट्स. शाळा सुटली की शैला तिला कॉलेजात सोडायची, आणि ही पोरगी गाडीत पोळीचा रोल खात पुढच्या वर्गाला जायची. दोन उन्हाळे ती कुठे फिरायला गेली नाही. ओहायोच्या युनिव्हर्सिटीने तिला पाण्याच्या इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात घ्यायचं कबूल केलं. अट एकच होती, एक ऑगस्टच्या आत सत्तावीस क्रेडिट्सचा दाखला पाहिजे. नाही आला तर ती जागा दुसऱ्याला.

आता तो फॉर्म. पंच्याण्णव सालचा ऑगस्ट महिना, आमचं डायनिंग टेबल. रुही म्हणाली, "डॅड, आय कॅन फिल इट मायसेल्फ." मी म्हटलं, तू बस, तुला काय कळतं यातलं.

मी ऑफिसात काय काम करतो, तुम्हाला माहीत आहे. चिपवरच्या चुका शोधतो. डोळ्याला न दिसणारा ओरखडा मायक्रोस्कोपखाली मला दिसतो, आणि लाखो डॉलरचा माल मी परत पाठवतो. असा हा माणूस घरी आला, काळं पेन घेतलं, आणि वरच्या पहिल्या रकान्यात त्याने नाव लिहिलं. विनय रामभाऊ गजभिये.

हसू नका, चंद्रशेखरजी, तुमच्याकडे येणार आहे मी.

का लिहिलं? कारण मी लहानपणापासून तसंच पाहिलं. माझे वडील रामभाऊ नागपूरला गिरणीत कामाला होते. मला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा त्यांना लिहिता येत नव्हतं. मास्तर म्हणाले, अंगठा लावा, चालतं. वडील म्हणाले, "आंगठा नाही लावत. माह्या पोराचा फारम हाय." फॉर्म घेऊन ते घरी आले. महिनाभर पाटीवर स्वतःचं नाव गिरवलं, आणि मग जाऊन सही केली. आमच्या वस्तीत त्या सहीची गोष्ट वर्षभर चालू होती. पुढे ते लिहायलाही शिकले, आणि माझा प्रत्येक फॉर्म त्यांनीच भरला. वर त्यांचं नाव, खाली माझं. मी इंजिनिअरिंगला गेलो तरी तेच. बापाने फॉर्म भरायचा आणि वर बापाचं नाव घालायचं, हे माझ्या हाताला इतकं बसलेलं होतं की मी विचारसुद्धा केला नाही.

तर माझं नाव लिहिलं. जन्मतारीख माझी, सोशल सिक्युरिटी नंबर माझा. मग मी 'पाल्याचे नाव' हा रकाना शोधायला लागलो. सापडेना. खाली एक सापडला, 'आपण वापरत असलेले दुसरे नाव'. तिथे मी लिहिलं, रुही. आणि खाली झोकात सही ठोकली.

म्हणजे कॉलेजच्या लेखी चव्वेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ विनय गजभिये, ज्यांना लाडाने रुही म्हणतात, ते विद्यार्थी म्हणून दाखल झाले. शाळेचं परवानगीपत्र वगैरे कोणी मागितलंच नाही. कसं मागतील? चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला शाळेची परवानगी कशाला? आणि मी याच हॉलमध्ये, गणपतीच्या आरतीनंतर, सगळ्यांना सांगत होतो, 'अहो, किती सोपं आहे! उगाच लोक घाबरतात.'

पहिल्याच आठवड्यात रुही घरी येऊन म्हणाली, "डॅड, देअर इज युअर नेम ऑन माय आयडी." फोटो तिचा, नाव माझं. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, असू दे, गार्डियनचं असतं तसं. ती म्हणाली, "आर यू शुअर?" मी म्हणालो, तू अभ्यासाकडे लक्ष दे. सहा महिन्यांनी शैला म्हणाली, "रिझल्टचं पाकीट तुमच्या नावाने का येतं हो?" मी म्हणालो, मग काय शेजाऱ्याच्या नावाने येणार? दोघींनी मला सांगितलं होतं. सगळ्यांसमोर कबूल करतो, दोघींनी सांगितलं होतं.

या जूनमध्ये रुही दाखला आणायला कॉलेजच्या खिडकीवर गेली. या नावाची विद्यार्थिनी आमच्याकडे कधीच नव्हती, असं तिला सांगितलं. घरी येऊन ती सोफ्यावर बसली. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "काँग्रॅच्युलेशन्स, डॅड. यू आर ऑन द डीन्स लिस्ट." म्हणजे कॉलेजच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत मी!

त्यानंतरचा महिना मला पुन्हा आठवायचा नाही, पण फोन करणाऱ्यांसाठी आठवतो. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं. दुसरीने सांगितलं, नाव बदलायचं तर कोर्टाचा कागद आणा. अहो, मला नाव बदलायचं नाही, माणूस बदलायचाय! तिसऱ्या खिडकीवरच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, रुहीकडे पाहिलं, आवाज खाली केला आणि विचारलं, सर, तुमच्या जागी ही वर्गात बसत होती का? मी म्हटलं, हो! तो म्हणाला, मग हे प्रकरण शिस्त समितीकडे जाईल. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे परीक्षेला डमी बसवतात आणि पकडले गेले की पेपरात नाव येतं, ते तुम्ही ऐकलं असेल. कॉलेजच्या दृष्टीने मी तेच केलं होतं. पोटच्या पोरीला डमी म्हणून बसवून मी डिग्री मिळवत होतो! आरोप सिद्ध झाला असता तर सत्तावीसच्या सत्तावीस क्रेडिट्स रद्द. माझी गेली तर गेली, पण ती माझी नव्हतीच ना. दोन वर्षं गाडीत जेवलेल्या मुलीची होती.

चौथ्या खिडकीवर या मिसेस हर्नांडेझ बसल्या होत्या. त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही, तरी त्या मघापासून हसतायत, म्हणजे रुही त्यांच्या कानात सगळं सांगते आहे. सांग बाई, सांग. त्यांनी चाळीस मिनिटं माझं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मग म्हणाल्या, समितीपुढे वाद घालू नका. मुलीला आणा, तिच्या वह्या आणा, आणि तुम्हीही या. बाकी मी बघते.

अकरा जुलैला समिती बसली. आधी रुहीला आत बोलावलं, मी बाहेर बाकावर. पन्नास मिनिटं ती आत होती. मग ती बाहेर आली आणि मला बोलावलं. लांब टेबलामागे तिघंजण होते. त्यांनी मला तेच नऊ प्रश्न विचारले, जे तिला विचारले होते. प्रत्येक विषयाचा एक.

इंग्रजीच्या वर्गात शेवटचा मोठा निबंध कशावर होता? मला माहीत नव्हतं. भूगर्भशास्त्राच्या वर्गाची सहल कुठे गेली होती? सहल गेली होती हेच मला माहीत नव्हतं. स्पॅनिशमध्ये जोडीदार कोण होता? इतिहासाच्या प्राध्यापकांशी तुमचा कशावरून वाद झाला? वाद? माझी मुलगी प्राध्यापकांशी वाद घालते? मी एकेका प्रश्नाला मान हलवत होतो. ग्रेड विचारली असती तर नऊच्या नऊ सांगितल्या असत्या. आठ ए, एक बी. बी स्पॅनिशमध्ये, आणि त्या बीवरून मी तिच्याशी आठवडाभर धड बोललो नव्हतो, तेही सांगितलं असतं. पण ती काय शिकली, हे दोन वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

नवव्या प्रश्नाला समितीच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मिस्टर गजभिये, तुम्ही आमच्या एकाही वर्गाला आलेला नाहीत याची आम्हाला खात्री पटली.

मी सगळ्यात नापास झालो, म्हणून माझी मुलगी पास झाली. ही युक्ती मिसेस हर्नांडेझ यांची. बापाला काही माहीत नसणार, याची त्यांना इतकी खात्री कशी होती, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. मला तेव्हा फार लाज वाटली, आजही वाटते आहे.

मग मला एक कागद दिला. त्यावर स्वतःच्या हाताने लिहायचं होतं. मी लिहिलं की मी एकाही तासाला बसलो नाही, तिथे काय शिकवलं ते मला ठाऊक नाही, आणि हे सर्व काम माझ्या मुलीचं, रुही विनय गजभिये हिचं आहे. खाली सही केली. वडिलांची आठवण आली. त्यांनी महिनाभर गिरवून सही केली ती मला शाळेत घालायला. माझ्या सहीचा रुहीला पहिल्यांदा उपयोग झाला तो माझं नाव काढून टाकायला.

आता अध्यक्षमहोदय. मागच्या वर्षी दिवाळीत आपण माझ्या घरी आलात, चकल्या खाल्ल्यात, आणि जाताना नमुना म्हणून माझ्या फॉर्मची झेरॉक्स घेऊन गेलात. आपल्या मुलाला, वीरला, जानेवारीपासून कॉलेजात घातलंत. मी गेल्या आठवड्यात आपल्याला फोन केला, तर आपण म्हणालात, 'अगदी तुमच्यासारखाच भरलाय, काना-मात्रा बदललेला नाही.' चंद्रशेखरजी, अभिनंदन! या क्षणी आपण कॉलेजच्या पहिल्या वर्षात आहात. हसताय काय सगळे, आणखी किती जणांनी झेरॉक्स नेली ते मला आठवत नाहीये. मिसेस हर्नांडेझ सोमवारी सकाळी आठला खिडकीवर असतात. आणि जाण्याआधी वीरला एकदा विचारा, बाबा रे, तू शिकतोस तरी काय. समितीने विचारण्याआधी विचारा.

मी उशिरा विचारलं. समितीकडून परत येताना गाडी हायवेला लागली. मग मी म्हटलं, तो शेवटचा निबंध कशावर होता गं? ती म्हणाली, "यू रिअली वॉन्ट टू नो?" मग सांगायला लागली. या वाळवंटात हजार वर्षांपूर्वी लोकांनी हाताने कालवे खणले होते, आणि आपले आजचे काही कालवे त्यांच्याच वाटेने जातात. मी अकरा वर्षं रोज सकाळी कालव्याकाठी फिरायला जातो, मला कोणी सांगितलं नव्हतं. तिला पाण्याचं इंजिनिअरिंग का करायचंय, हेही मला त्या दिवशी कळलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "डॅड, यू मिस्ड द एक्झिट." मी म्हटलं, माहीत आहे, पुढचा विषय सांग. नऊ विषय होईपर्यंत आम्ही घर मागे टाकून तासभर लांबच्या कासा ग्रांडे गावाला पोहोचलो होतो. शैला घरी जेवायची थांबली होती, तिची इथे जाहीर माफी मागतो.

पंचवीस जुलैला दोन पाकिटं आली. एक रुहीच्या नावाने, पहिल्यांदाच. त्यात तिची सत्तावीस क्रेडिट्स. दुसरं माझ्या नावाने. त्यात माझा दाखला, वर विनय रामभाऊ गजभिये, आणि खाली सगळं कोरं.

रुही, होस्टेलचा फॉर्म तू स्वतः भरलास, मी हात लावला नाही. तू स्वयंपाकघरात गेलीस तेव्हा फक्त लांबून वाचला. बरोबर भरला आहेस. तुझी फार आठवण येणार आहे मला.

शुभाताईंच्या तीन चिठ्ठ्या आल्या आहेत, तेव्हा थांबतो. मिसेस हर्नांडेझ यांचे, मंडळाचे, दोन वर्षं रोज गाडी चालवणाऱ्या शैलाचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाला लागेल असं बोललो असेन, एखादं नाव राहिलं असेल, काही कमी-जास्त झालं असेल, तर ते सगळं माझ्या नावावर लिहा. तिथे आता भरपूर जागा आहे.