पोंगलला गिरवलेली भिंत

तंजावरच्या बसस्टँडवर तिरुवैयारूची बस यायची होती. पुढच्या बाकावरची म्हातारी बहीण नि तिचा भाऊ मराठीत बोलू लागले, तशी मागं बसलेल्या भुवनेश्वरीनं ऐकायला फोनवरचं गाणं बंद केलं.

“आपल्या घरात पूर्वी राहिलेल्या कवींच्या नावाची पाटी घरावर लावायची म्हणून पुण्याचे प्रोफेसर आले होते, अक्का.”

“भिंतीवर कवींनी लिहिलेली कविता दाखवलीस?”

“दाखवली. पाऊण तास उभे राहिले. एक अक्षर लागलं नाही.”

“पुसट झालंय?”

“पुसट कसं होईल? दर पोंगलला चुना लावला की तू अक्षरांवर काव फिरवतेस. तुझ्याआधी आई, तिच्याआधी आजी.”

“एक रेघ सोडली नाही कधी.”

“तुम्हा तिघींत वाचता कुणास येत होतं?”

“वाचायचं कशाला? दिसतं तसं गिरवायचं.”

“तेच झालं. दरसाल केसभर सरकत अक्षरं कुठल्या कुठं गेली. म्हणाले, हे कवींचं अक्षर नव्हे. पाटी मिळायची नाही.”

“मग कुणाचं म्हणे?”

“मी सांगितलं, आमच्या घरातल्या बायकांचं.”

बस आली का ते अक्कानं वाकून पाहिलं.

“फोटो काढला त्यांनी?”

“काढला.”

“बरं झालं. यंदा काव चांगली बसली होती.”