हात बसलाय

मिझुरीत कातडी विकायला उभा होतो. माझ्यापुढे डेलमार आणि त्याची बायको लवॉन. व्यापाऱ्याने त्यांची रॅकूनची कातडी एकेक उलटून बघितली.

"शेपटीच्या मुळाशीसुद्धा चरबीचा कण नाही! कोणी खरवडली?"

"मीच," डेलमार म्हणाला. "हात बसलाय माझा."

"बसलाय ना, सोफ्यावर."

"लवॉन, चारचौघांत तरी गप्प बस की गं!"

"बरं, आणि ह्या कातड्याला भोक कसलं?" व्यापाऱ्याने विचारलं.

"सुरी घसरली जराशी."

"शिवलंय मात्र झकास. टाका दिसत नाही."

"ते हिने शिवलं."

"बाकी एकालाही भोक नाही. मग यालाच कसं?"

"बाकीची मी खरवडलीत," लवॉन म्हणाली. "ह्यांना हे एकच दिलं होतं. तेवढीच हौस!"