आबा मास्तर निवडणुकीत का पडले

आमच्या कट्टा गावचे आबा मास्तर विधानसभेला उभे राहिले होते, ते सांगितलं का तुम्हाला? राज्य तेव्हा नवं झालं होतं. शाळेची नोकरी सोडून मास्तर वाड्यावाड्यांच्या विहिरींसाठी कचेरीत भांडायचे. प्रचारातही तेच : आधी पाणी, मग दवाखाना, बाकीचं नंतर. सभांना ही गर्दी! आणि मास्तर सपशेल पडले.

दुसऱ्या दिवशी मास्तर ओटीवर तोंड पाडून बसले होते. तेवढ्यात खालच्या वाडीतली सगुणाकाकी आली.

"मास्तरांनू, आमच्या वाडयेत कोणीच तुमका मत देवक नाय."

"कित्याक गो?"

"तुमी मुंबयक गेलास तर हंय मामलेदाराशी भांडतलो कोण? आमच्या विहिरीचा काम परत थांबला."

मास्तर उठले. चपला घालत म्हणाले, "चल बेगीन. मामलेदार जेवक गेलो तर मगे कचेरीत गावाचो नाय."