वर्षाआडचा विषय

— नाही, सही नाही करणार, आणि ती पिशवी त्या खुर्चीवर ठेवू नकोस, तिथं माझे बेडूक आहेत, बरणीतले, मेलेले, घाबरू नकोस. बस इकडे. आता मला सांग केलिन, हा तक्ता तू जागेपणी भरलास का? आठ सेमिस्टरचे आठ रकाने. पहिल्या वर्षात काय? मातीची भांडी. पोलिश भाषा. मृत्यूचं तत्त्वज्ञान — छान, पुढे कधीतरी लागेलच. रसायनशास्त्र? ते थेट दुसऱ्या वर्षी. आणि वर ठळक अक्षरात काय, तर मुख्य विषय जीवशास्त्र.

बोट ठेव इथं. साधं रसायन तू आत्ता करतेयस, मे महिन्यात संपेल. मग सप्टेंबरात ऑरगॅनिक, म्हणजे सेंद्रिय रसायन. ऑरगॅनिक झाल्याशिवाय पेशीजीवशास्त्राला बसता येत नाही — आणि तेही याच सप्टेंबरात आहे, कारण ते आम्ही वर्षाआड शिकवतो. तुझ्या शेवटच्या वर्षी ते नाही. आणि त्याशिवाय या विभागाची पदवी नाही. मग कधी करणार? नववं सेमिस्टर? तुझी शिष्यवृत्ती आठांचीच आहे, मला माहितीये, मी त्या समितीवर होते. घरून काही — नाही? बरं. विचारायला नको होतं मी.

एक वर्ष उशीर, बाकी काही नाही. हे कुणी सांगितलं तुला, की रसायन सावकाश घे? वेंडेलनं ना? ही आमच्या कॉलेजची थोर पद्धत — नव्या पोरांना मार्गदर्शक वाटायचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, पोरगी जीवशास्त्राची आणि मार्गदर्शक नाटकवाला! म्हणे सगळ्याची चव घ्या, घाई कसली. आम्ही काय चर्चच्या तळघरात पंगत मांडलीये — थोडा हॉटडिश घ्या, थोडी जेली घ्या? माणूस वाईट नाही तो. कुणाला दुखवत नाही. असल्या माणसांनीच माझं डोकं फिरतं. आणि तू! एवढी घोडी झालीस, कॉलेजचं माहितीपुस्तक उघडून वाचता येत नव्हतं? रडू नकोस. समोर कुणी रडलं की मी आणखी चिडते.

आणि हे बघ, सगळं त्याच्या माथी मारायचं नाही. त्यानं विचारलं होतं. तू इथं आलीस त्या ऑगस्टात फोन केला होता मला — म्हणाला, मार्लिस, एक मुलगी आहे, जीवशास्त्र म्हणते पण रसायनाला बिचकतेय, काय सांगू तिला? मी तळ्यावर होते, होडी बांधत होते, फोन खांद्यात धरलेला. म्हटलं, घेईल की दुसऱ्या वर्षी, काय बिघडतं. अर्धं मिनिट. पेशीजीवशास्त्राचं हे वर्षाआडचं खूळ त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मीच विभागाकडून मंजूर करून घेतलं होतं, आणि अर्ध्या मिनिटात मला ते आठवलं नाही — असं काय बघतेस? तुला ठाऊकच आहे हे. त्यानं सांगितलं असणारच. नाही? मग काय म्हणाला तो? 'चूक माझी'? एवढंच? माझं नावसुद्धा नाही?

हं.

मूर्ख माणूस.

तुझ्या शेवटच्या वर्षी मी रजेवर आहे, केलिन. अकरा वर्षांनी मिळालेली रजा. लून पक्ष्यांची घरटी मोजणार होते, बर्फ वितळल्यापासून पुन्हा गोठेपर्यंत. तुला एकटीला पेशीजीवशास्त्र शिकवायचं म्हणजे आठवड्यातून दोनदा इथं यायचं, सबंध सेमिस्टर — मला राग येतोय, कळतंय ना तुला? तुझा नाही. थोडा तुझाही. तो तक्ता दे, शेवटच्या वर्षाच्या रकान्यात लिहिते — पेशीजीवशास्त्र, माझ्याकडे. पेन दे. हे चालत नाही, दुसरं दे. घे, झाली सही. आभारबिभार नकोत, ही मेहेरबानी नाही. आणि वेंडेलशी तू काही बोलायचं नाहीस, ते मी बोलेन. काय बोलायचं ते — ऊठ आता. जा म्हटलं ना. आणि दार नीट लावून घे.