किल्ली फिरवली की नुसतं टक्

...नाही हो, बॅटरी नवीनच होती! सगळे मेले हेच विचारतात. बॅटरी बघितलीस का? अरे, बघितली! हेडलाइट लावले तर समोरच्या भिंतीवरची मुंगी दिसावी, हॉर्न दिला तर शेजारीण कानांवर हात ठेवून गॅलरीत, आणि किल्ली फिरवली की... टक्! बस. एक टक्, पुढे काही नाही!

तुम्ही म्हणाल, एवढी जुनी गाडी, द्यायची भंगारात. कशी देणार? बाबांची गाडी! चाळीस वर्षं चालवली त्यांनी. गंजलेली, पोचे पडलेली, पण एका किल्लीत सुरू व्हायची. आता बाबांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, पण कान असे की दूध उतू जायच्या आधी आतून ओरडतात. आणि थोरल्या भावाने परस्पर ठरवलं, रविवारी बाबांना कायमचं आपल्याकडे न्यायचं. "तुम्ही दोघं दिवसभर कामावर, ते घरात एकटे." बरोबर आहे त्याचं! बरोबर आहे म्हणूनच तर राग येतो ना! मी मनाशी म्हटलं, गाडी सुरू झाली की बाबांना रोज फिरवून आणीन, मग कशाला जातील ते?

त्याआधी सहा महिने दर सुट्टीला मी गाडीखाली आडवा. इंजिन उतरवलं, सगळं घासलं, बोल्टाबोल्टाला रंग दिला, दोन-दोन हात! बायको म्हणाली, "अहो, ज्यांच्यासाठी रंगवताय त्यांना दिसणार आहे का?" लागलं हो मला ते. पण ऐकतोय कोण! रंग वाळला, बाबांना शेजारी बसवलं, किल्ली फिरवली... टक्!

"काय रे?"

"काही नाही बाबा, जरा..."

"टक् झालं. माझ्या वेळी टक् नाही व्हायचं."

मग सुरू झाले सल्ले! खालचे निवृत्त हेडमास्तर, ज्यांनी जन्मात सायकलच्या पुढे मजल मारली नाही, ते नाकातून म्हणतात, "स्टार्टर गेला बरं का!" उतरवला स्टार्टर, दुकानात नेऊन टेबलावर लावला, तर भिंगरीसारखा फिरतोय! परत बसवला... टक्! मेव्हणा म्हणाला, सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला करंट पोचवणारा तो डबा. बदलला. टक्! जरा खणखणीत टक्, एवढंच! किल्लीचा स्विच बदलला. टक्! थोरला फोनवर म्हणतो, "कशाला जीव काढतोस? सोड ना." सोड ना म्हणे! स्वतःला सगळं सोडता येतं, बाबा तेवढे न्यायचेत!

रविवार उजाडला. शेवटचा उपाय म्हणून गाड्यांच्या वायरिंगमध्ये जन्म घालवलेल्या म्हाताऱ्याला बोलावलं, सगळे त्यांना करंटकाका म्हणतात. बाबा गाडीत बसलेले. काकांनी काही उघडलं नाही, काही विचारलं नाही, एक जाड वायर घेतली, बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनाला लावली. "मार किल्ली." मारली... आणि घर्रर्र, सुरू! मी उडालोच! काकांनी गाडी बंद करायला लावली, इंजिनाखालची अर्थिंगची पट्टी सोडली, तिच्याखाली नख फिरवलं.

"रंग कोणी दिला?"

"मीच."

"इथेसुद्धा?"

"दोन हात."

"अरे, करंट परत जायला लोखंडाला लोखंड भिडावं लागतं. मध्ये तू रंग फासलास! एवढी माया करू नये गाडीवर."

पॉलिश पेपरने घासलं, पट्टी आवळली, दोन मिनिटांचं काम. इतके दिवस, तुम्हाला सांगतो, इतके दिवस मी जगाला शिव्या घातल्या, आणि दोषी कोण, तर माझा ब्रश!

पुन्हा किल्ली मारली. बाबा ऐकत राहिले. मग चाचपडत माझा हात शोधला, दाबला. "हाच रे हाच आवाज." आता विचारतोच, म्हटलं, राहता का बाबा... तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, "थोरल्याला फोन कर, तू येऊ नकोस म्हणावं." देवा! मी तर नाचायचाच बाकी!

"आपणच जाऊ त्याच्याकडे, आपल्या गाडीतून. बॅग आण माझी."

आता बोला! तीन तासांचा रस्ता. अख्खी वाट मी मनात म्हणतोय, बंद पड गं बाई, एकदा तरी बंद पड. छे! चढावर धाप नाही, खड्ड्यात शिंक नाही. शेवटी एका सिग्नलला मीच मुद्दाम बंद केली, तर मेली अर्ध्या किल्लीत सुरू! बाबा खूश. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "झकास केलीस रे गाडी!"

म्हटलं, "हो बाबा. जरा जास्तच."