पाणी होत असतं

शहापुरातल्या एका सरकारी खिडकीपुढे मी रांगेत उभा होतो. माझ्या पुढे शेणव्याकडच्या सकुबाई आणि त्यांची कॉलेजात मराठी शिकणारी नात रेश्मा. नळाला पाणी नाही, या तक्रारीचं उत्तर त्यांना खिडकीतल्या साहेबांकडून नुकतंच मिळालं होतं.

"वाच गो, काय लिवलंय?"

"'आपल्या पाड्यास पाणीपुरवठा होत असतो.'"

"कदी होतो?"

"हा रीती वर्तमानकाळ आहे, आजी. नेहमी घडतं ते असं सांगतात."

"ताई, व्याकरण घरी शिकवा. मागे रांग आहे."

"तुमीच लिवलंय ना साहेब? मंग ऐका. रीती म्हंजे काय गो?"

"संस्कृतात 'री' म्हणजे वाहणं. त्यावरून रीती. वाहत राहतं ते."

"अरे वा! म्हंजे पाणी कागदावर धो धो वाहतंय. उद्यापासून हंडे हितंच लावतो, साहेब."

"आजीबाई, चेष्टा नको. योजना पूर्ण झाली आहे."

"आन हा कुठला काळ?"

"पूर्ण वर्तमानकाळ. साहेब, नळाला एकदाही पाणी आलेलं नाही. तेवढंच लिहा."

"मला तसं लिहिता येत नाही."

"मागं आमच्या पाड्याच्या आठ बायका उभ्या हायत. एकेकीला समजवा मंग."

"...द्या तो कागद इकडे. 'पाणी आलेले नाही.' झालं समाधान?"

"तारीख घाला. नायतर म्हणाल, ते गेल्या सालचं."