तक्रार फक्त आवाजाची

नाही, पास नाहीयेत माझ्याकडे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हालाही बरं आणि मलाही बरं... कारण गेल्या महिनाभरात ज्यानं ज्यानं माझ्या तब्येतीची चौकशी केली, त्या प्रत्येकाला तिसऱ्या वाक्याला पास हवा होता. 'कसे आहात, खांदा काय म्हणतो, आणि ते शनिवारचं काही जमेल का?' शनिवारचं म्हणजे ती कॉन्सर्ट. ते अजस्र इनडोअर स्टेडियम, बाहेर बिल्डिंगएवढा तिचा फोटो, आणि तिकिटं म्हणे विक्रीला आली आणि चहा होईपर्यंत संपली. आता मला सांगा, जी पोरगी चार वर्षं माझ्या डोक्यावर गातेय, फुकट, मला नको असताना, तिला ऐकायला लोक रांगा लावतात यात मी काय करू? मी तिचं गाणं बंद व्हावं म्हणून झटलेला माणूस आहे. आणि हे मी कुठेही उभा राहून सांगेन, माझी तक्रार फक्त आवाजाची आहे. बाकी पोरीबद्दल माझं काही म्हणणं नाही.

डोक्यावर म्हणजे खरोखरच डोक्यावर हो. ती वरच्या मजल्यावर, मी खालच्या. लोक म्हणतात अमका डोक्यावर मिऱ्या वाटतो, माझ्या डोक्यावर ती खरंच काहीतरी वाटत असते आणि ते मला ऐकू येतं. मध्ये एक स्लॅब आहे, पण तो नावाला. वर चमचा पडला तर आमची ही खाली वाकून बघते.

तर तुम्हाला सांगतो, मी बेकरीत कामाला, कायमची रात्रपाळी. तुम्ही सकाळी चहात बुडवता तो ब्रेड मी मळलेला असतो, त्याबद्दल आजवर कुणी आभार मानले नाहीत, ते जाऊ दे. सकाळी घरी येतो, आंघोळ, दोन घास, पडदे ओढतो आणि आडवा होतो. अकराच्या सुमाराला माझी झोप कुठे रंगात येते, आणि नेमकी अकराला वरची रंगात येते. आधी 'आ... आ... आ'. मग 'ई... ई... ई'. मग कीबोर्ड. मग एकच ओळ. तुम्ही ती गाणी तयार झाल्यावर ऐकता हो, मी ती कच्ची असल्यापासून ऐकतोय. 'तू दार उघडशील तेव्हा...' थांबली. 'तू दार उघडलंस तेव्हा...' थांबली. 'तू दार उघडावंस म्हणून...' आणि मी खाली पलंगावर, डोळ्यांवर टॉवेल, अगं बाई उघड नाहीतर लावून घे, पण एकदाचं ठरव!

दार कोण उघडणार, तर डॉक्टरीणबाई. दातांच्या डॉक्टर आहेत. त्या दोघी जोडपं आहेत, राहायला आल्या त्या दिवसापासून. लपवाछपवी नाही, दारावर एकच पाटी, तिच्यावर दोघींची नावं. सगळी गाणी डॉक्टरणीवर. डॉक्टरीण दवाखान्यात गेली की वर विरह सुरू, दुपारी जेवायला आली की विरह बंद. म्हणजे माझी झोप कशावर अवलंबून, तर कुणाची दाढ किती किडलीय त्यावर. रूट कॅनाल असलं की मी मेलो. परवा पेपरात आलं, 'उगवती क्वीअर पॉप गायिका'. मी हिला विचारलं, हे क्वीअर म्हणजे काय लिहिलंय? ही म्हणाली, 'अहो, म्हणजे तिचं डॉक्टरणीवर प्रेम आहे.' मी म्हटलं, हे यांना आज कळलं? माझं चार वर्षांपासून तोंडपाठ आहे.

मग मी काय करायचो... छताची जळमटं काढायचा झाडू असतो ना, लांब दांड्याचा, तो पलंगाशेजारीच ठेवलेला. उठायचं, दांडा छताला लावायचा. ठक ठक... ठक. दोनदा लगोलग, मग जरा थांबून तिसरा. हा तिसरा उशिरा का, ते नीट ऐकून ठेवा, कारण हल्ली लोक त्यावर लेख लिहितात. मैदा मळून मळून माझा उजवा खांदा धरलाय. हात दोनदा वर जातो, तिसऱ्यांदा जायला तयार नसतो, त्याची जरा समजूत काढावी लागते. बस. एवढीच त्यातली कला.

ठोकलं की ती गप्प व्हायची. मग दहाएक मिनिटांनी पुन्हा, हळूच, मांजर स्वयंपाकघरात शिरतं तशी... 'तू दार...'

तर मी रीतसर सेक्रेटरीकडे गेलो. आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी म्हणजे कसे, तुम्ही बुडत असलात तरी आधी पोहायची परवानगी काढलीय का विचारतील. नाकावर चष्मा, चष्म्यावरून आपण. 'दिवसा आवाज करायला नियमात बंदी नाही, समजलं? झोपायची वेळ रात्रीची.' मी म्हटलं, साहेब, रात्री मी झोपलो तर सकाळी तुम्ही काय खाल? 'बिस्किट,' म्हणाले. तीन वर्षं जातोय, तीन वर्षं हेच. चष्म्यावरून बघणार, हात झटकणार.

आणि मागच्या वर्षी एक दिवस हेच सेक्रेटरी आपण होऊन माझ्या दारात. हसतायत. 'तुमच्या तक्रारीची आम्ही गंभीर दखल घेतली आहे. रविवारी बैठक.' मला तर भरूनच आलं हो. हिला म्हटलं, बघ, उशिरा का होईना, माणसाला पाझर फुटला. ही काही बोलली नाही. ही काही बोलली नाही की समजावं, आपल्याला काहीतरी कळलेलं नाही.

रविवारी तळमजल्यावरच्या खोलीत सगळे जमले, प्लास्टिकच्या खुर्च्या, डोक्यावर करकरणारा पंखा. भाडेकरूंना बैठकीत बसू देत नाहीत, त्यामुळे त्या दोघी वर, आपल्या घरात. सेक्रेटरी उभे राहिले, घसा साफ केला. 'मंडळी, यांच्या झोपेचं खोबरं झालंय...' मी मान डोलावली. 'पण प्रश्न नुसता आवाजाचा नाही...' मी म्हटलं, आहे, नुसता आवाजाचाच आहे. 'अहो, तुम्ही थांबा जरा. इथे कुटुंबं राहतात. मुलंबाळं आहेत. अशानं वातावरण बिघडतं... तेव्हा यांच्या तक्रारीवरून आपण घरमालकाला कळवू, महिनाअखेर त्या दोघींनी जागा सोडावी.' आणि सगळ्या माना माझ्याकडे.

आता बघा माझी गंमत. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. एक शब्द. महिनाअखेरपासून वर सामसूम, अकरा वाजता मी ढाराढूर, खांद्याला आराम. तीन वर्षं हेच तर मागत होतो. पण तुम्हाला खरं सांगू? मला इतका राग आला, इतका राग आला की मी उभा राहिलो. मी म्हटलं, साहेब, मी तुमच्याकडे आवाज घेऊन आलो तेव्हा तुम्ही मला बिस्किटं दाखवलीत. माझ्या छतातून आवाज येतो. वातावरण येत नाही. माझी तक्रार फक्त आवाजाची आहे, आणि ती मी आत्ता मागे घेतो. तुम्हाला जी दुसरी कसली तक्रार असेल ती स्वतःच्या नावावर करा, माझ्या झोपेच्या नावावर नको.

पंखा करकरत राहिला. स्वतःच्या नावावर करायला कुणी उठेना. एकाला फोन आला, एकीचं दूध उतू जाणार होतं, बैठक संपली. आणि मी खाली मान घालून घरी आलो, कारण तीन वर्षांची कमाई मी दोन मिनिटांत उधळली होती. आमच्या हिनं न मागता दुसरा चहा पुढे ठेवला. संसारात तिनं मला दिलेलं हे पहिलं पदक.

आता दुसऱ्या दिवशी माणसानं काय करावं? निदान एक दिवस? ज्या पोरीपायी मी सगळ्या बिल्डिंगचा वाईटपणा घेतला, तिनं दुसऱ्याच दिवशी, अकरा वाजता... 'तू दार उघडलंस तेव्हा...' माझं डोकंच फिरलं. उठलो, झाडू घेतला, ठक ठक... ठक. वर एकदम शांत. आणि मग वरून, टाचेनं, जमिनीवर... ठक ठक... ठक. माझी नक्कल! खांद्यासकट!

ते तिनं फोनवर टिपून घेतलं होतं. गाणं निघालं. सुरुवातीलाच मी. नाव काय ठेवलं, 'आवाजाची तक्रार'. मला वाटलं, चला, चार डोकी ऐकतील आणि विसरतील. कसलं काय... रिक्षात मी, दुकानात मी, मोबाइलच्या रिंगटोनला मी. बेकरीत भट्टीवाले ट्रे आपटतात, ठक ठक... ठक, मी समोर उभा, त्यांना ठाऊक नाही. दाराला बेल असून कुरिअरवाला दार वाजवतो, ठक ठक... ठक. म्हणजे पूर्वी मला एक बाई उठवायची, आता अख्खं गाव उठवतं. कोण्या जाणकारानं लिहिलंय, 'तिसऱ्या ठोक्यातला हा विलंब म्हणजे नकाराची वेदना.' बरोबर आहे. वेदनाच आहे. मलम चोळतो मी.

मग महिन्यापूर्वी दोघी खाली आल्या. चार वर्षांत पहिल्यांदा दार वाजवलं, बेल मारली नाही, आणि कसं वाजवलं ते सांगत नाही आता. वरची म्हणाली, 'काका, शनिवारची सुरुवात तुम्ही करायची. अंधार असेल, तुम्ही ठोकायचं, मग गाणं.' मी म्हटलं, मी? वीस हजार लोकांपुढे? झाडू घेऊन? जमणार नाही. आमची ही आतून, 'येतील ते.' मी म्हटलं, माझा खांदा... खांदा दाखवायला चाललोय मी डॉक्टरला, बरा होईल आता. तर वरचीचा चेहरा उतरला, 'काका, शनिवारपर्यंत थांबता का?' बघा. बाहेर खांद्याचा डॉक्टर, घरात दातांची डॉक्टर, आणि पेशंटला सांगतायत बरे होऊ नका.

मी नाहीच म्हणणार होतो. पण मग डॉक्टरीण बोलली. कमी बोलते ती, दिवसभर दुसऱ्यांना आ करायला लावून कंटाळत असेल. म्हणाली, 'काका, ती बैठक कशासाठी ते आमच्या कानावर आलं होतं, पण तिथे काय झालं ते कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही धरून चाललो की जायचंय. रात्रीच खोकी आणली होती, भांडी भरून झाली होती. ही म्हणाली, जाण्याआधी या खोलीत एकदा शेवटचं गाते. आणि खालून तुमचं ठक ठक आलं.' मी म्हटलं, मग? त्यात काय? तर वरची म्हणते, 'आम्ही जाणार हे माहीत असतं, तर तुम्ही कशाला ठोकलं असतं? गप्प राहिला असतात. तुम्ही भांडलात, म्हणजे आम्ही राहणार होतो. आम्ही खोकी उघडली, काका.'

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या... झोप झाली नसली की येतं. मी म्हटलं, ते ठीक आहे, पण माझी तक्रार फक्त आवाजाची आहे आणि ती अजून आहे. दोघी एकदम म्हणाल्या, 'हो काका.' आणि ही आतून, 'निळा शर्ट इस्त्री करते.' झालं. ठरलं.

सेक्रेटरींना कळायला काय वेळ. परवा जिन्यात अडवलं, चष्मा हातात, 'पोरीनं आपल्या बिल्डिंगचं नाव काढलं हो! आपण सगळ्यांनी सांभाळून घेतलं तिला... दोन पास जमतील?' मी म्हटलं, साहेब, तिथे वातावरण फार असतं, तुम्हाला सोसायचं नाही.

काल तिथे तालीम होती. किती वाजता? अकरा. सकाळी अकरा. बेकरीतून परस्पर गेलो, झाडू बगलेत, दारावरच्या माणसानं सफाईवाल्यांच्या रांगेत उभं केलं, ते जाऊ दे. आत बघतो तर काय, मधोमध माझी खोली! माझा पलंग, माझी उशी, वर लाकडी छत, आणि घरी ठोकून ठोकून छताचे जिथे पोपडे निघालेत तिथे हुबेहूब पोपडे रंगवलेले. छताच्या वर तिची खोली. माणसं हिंडतायत, भिंतीएवढे स्पीकर, कुणीतरी ड्रम बडवतोय, हाडं हलतायत. एकानं सांगितलं, 'काका, आडवे व्हा, दिवा लाल झाला की उठून ठोकायचं.' मी आडवा झालो. उशी बरी होती. आणि तुम्हाला सांगतो, शपथेवर सांगतो... मला झोप लागली. एवढ्या गदारोळात, गाढ, चार वर्षांत लागली नव्हती अशी. लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला, मी घोरतोय, आणि ते घोरणं म्हणे स्पीकरवर.

जाग कशानं आली? वरून. टाचेनं. ठक ठक... ठक. म्हणजे आता तिची माझ्याबद्दल तक्रार!

धडपडत उठलो, झाडू घेतला, आणि सगळा जीव एकवटून ठोकलं. ठक ठक... ठक. एवढं मोठं ते स्टेडियम, चिडीचूप. मला वाटलं, जमलं. आणि दूर अंधारातून साउंडवाल्याचा कंटाळलेला सूर आला, 'काका, आवाज येत नाहीये.' पुन्हा ठोकलं. 'अजून जोरात, काका.' पुन्हा. 'छे, आवाजच नाही.'

अख्ख्या आयुष्यात एकच तक्रार केली हो मी, फक्त आवाजाची... आता तीही माझ्याच विरुद्ध आहे.